तिसऱ्या दाराची किल्ली

बुधवारी दुकान बंद असे, आणि बुधवारी चष्मेवाला सकाळपासून पाण्याला शिवत नसे. हा काही उपास नव्हता. उपास, नेम, प्रार्थना हे सगळं खातं घरात बायकोकडे होतं. ती पहाटे उठून डोळे मिटून बसे, आणि उठताना रोज एकच नेम नव्याने धरी, की आजचा दिवस खोटं बोलायचं नाही. आजच्यापुरतं. उद्याचं उद्या बघू. असा एकेक दिवस करत तिची निम्मी हयात निघून गेली होती, आणि नेम मोडल्याचे दिवस त्यात अगदीच थोडे होते.

चष्मेवाल्याचं पाणी न पिणं मात्र निव्वळ सोयीचं होतं. बुधवारी दुपारी तो बायकांचे कपडे घालून बाहेर पडे, आणि त्या कपड्यांत बाहेर लघवीला जायला जागा नव्हती. एवढंच.

बायकोला हे त्याने लग्न नवं असतानाच सांगितलं होतं. कपाटाच्या वरच्या फळीवरची पेटी काढून तिच्यापुढे उघडून ठेवली होती. आत एक ड्रेस, एक केसांचा टोप, पायमोज्यांची जोडी. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग भाजी चिरताना, मान वर न करता, तिने एकेक विचारायला सुरुवात केली.

"दुसरी कोणी बाई आहे का?"

"नाही."

"तुम्हाला पुरुष आवडतात का?"

"नाही गं."

"मग बाई व्हायचंय का?"

"तसंही नाही." त्याने खूप विचार करून सांगितलं, "अधूनमधून असं राहिलं की बरं वाटतं. भिंगाचा नंबर बरोबर लागला की वाटतं ना, तसं."

तिने चिरलेली भाजी ताटात सारली आणि म्हणाली, "पण हा रंग कशाला घेतलात? तुमच्या अंगाला अजिबात शोभत नाही."

तेव्हापासून बुधवार ठरून गेला. एरवी ती त्याला अहो म्हणे. बुधवारी टोप डोक्यावर चढला की त्याची अगं होई. दोन स्कार्फ दोन हातांत धरून, तो दुकानात भिंगं बदलताना विचारतो त्याच सुरात ती विचारी, "हे बरं की ते बरं?" आणि तो गिऱ्हाईकासारखा गोंधळून म्हणे, "सारखंच दिसतंय." शेजारीण कधीमधी विचारायची, "ती उंच बाई कोण हो येते तुमच्याकडे?" त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं असे, "आमच्यातलीच आहे." त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाहेर जाऊन तो काही विशेष करत नसे. बाजारातून चालायचं, बागेत जरा टेकायचं आणि मग मोठ्या वाचनालयात जाऊन संध्याकाळपर्यंत मासिकं चाळायची. वाचनालय त्याला आवडे, कारण तिथे सगळे कुजबुजत बोलत. त्याचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा, जाड आणि घुमणारा. दुकानात तो कामाचा होता. "वरून तिसरी ओळ वाचा" म्हटलं की बहिऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाई. पण कुजबुजीत बाईचा आवाज काय आणि पुरुषाचा काय, ओळखू येत नाही. वाचनालयात तो बिनधास्त कुजबुजत असे, "ते वरचं मासिक देता का?" आणि तिथली मुलगी हसून ते काढून देई. या एवढ्याशा गोष्टीवर त्याचा पुढचा आठवडा निघे.

घरी परतताना मात्र त्याची चाल बदले. कोपऱ्यावरूनच पावलं लहान आणि भराभर पडत. जिन्यात सँडलचा खडखडाट ऐकू आला की बायको हातातलं काम टाकून न्हाणीघराचं दार उघडून उभी राही. "पळ गं, पळ!" तो सँडल न काढता, टोप एका कानावर आलेला, तसाच आत घुसे. याला दोघं पुढे पुढे हसायला लागली होती.

बाहेरची स्वच्छतागृहं त्याने वापरून पाहिली नव्हती असं नाही. एकदा बायकांच्या रांगेत उभा असताना पुढच्या बाईने मागे वळून सहज विचारलं होतं, "तुमच्याकडे कागद आहे का हो?" आणि तो सहज बोलून गेला, "आहे." एकच शब्द. रांगेतली बोलणी बंद झाली. एका आईने मुलीला जवळ ओढलं. तो मान खाली घालून निघून आला. त्याला त्या बायकांचा राग आला नव्हता. बंद खोलीत अचानक एवढा जाड आवाज आला तर कोणीही दचकेल, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्यांदा तो पुरुषांकडे गेला. पहिला माणूस भला होता, "बाई, चुकलात, तुमचं पलीकडे," म्हणाला. बेसिनपाशी उभे असलेले दोघं-तिघं तसे नव्हते. एकाने दारात हात आडवा धरला आणि दुसऱ्याने टोप ओढून पाहिला. त्या दिवशी चष्मेवाला टोप हातात धरून घरी आला होता. त्यातलं अर्धंच त्याने बायकोला सांगितलं, आणि तेव्हापासून बुधवारचं पाणी सोडलं.

शरीराने पुष्कळ वर्षं हे चालवून घेतलं. मग एके सकाळी, दुकानात गिऱ्हाईकाच्या डोळ्यापुढे भिंग बदलत "हे बरं की ते बरं?" विचारत असतानाच त्याच्या कमरेत अशी कळ उठली की तो टेबलाला धरून खाली बसला. गिऱ्हाईक बिचारं समोरचा तक्ता बघत म्हणत होतं, "दोन्ही सारखंच... अहो, कुठे गेलात?"

मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर पाणी पीत राहायचं. आणि लागली की जायचं, रोखून धरायचं नाही."

"बुधवारीसुद्धा?" चष्मेवाल्याच्या तोंडून निसटलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "का? तुमच्या मूत्रपिंडाला बुधवारी सुट्टी असते का?"

घरी आल्यावर बायकोने पाण्याची बाटली भरून त्याच्यापुढे आदळली. "एक तर पाणी प्या, नाही तर बुधवार सोडा. दोन्ही चालू ठेवून मला विधवा करायचं काम नाही."

त्याने बुधवार सोडला. दुकान बंद असायचं, आणि तो घरात बसून चालू असलेलं घड्याळ उघडून दुरुस्त करायचा. विचारलं तर हो-नाही बोलायचा. बाटली मात्र आज्ञाधारकपणे रिकामी करायचा. तिला ते बघवेना. पेटीवर धूळ बसायला लागली तेव्हा तिनेच ती पुसली.

एक दिवस ती वाचनालयात पुस्तक बदलायला गेली आणि येताना चप्पल काढायच्या आत सांगायला लागली, "अहो, ऐका. तिथे तळघरात आता तीन दारं केली आहेत. एक बायकांचं, एक पुरुषांचं, आणि तिसऱ्यावर पाटी आहे, 'सर्वांसाठी'. आत एकच जागा आहे आणि कडी आतून लागते."

"सर्वांसाठी म्हणजे?"

"म्हणजे सर्वांसाठी. आता यात काय नंबर काढायचाय?"

पुढच्या बुधवारी दोघं मिळून निघाली. निघताना तो म्हणाला, "कोणी विचारलं तर नणंद आहे म्हणून सांग."

"मी काही सांगणार नाही. कोणी विचारायचंच नाही. दार आहे, उघडायचं आणि आत जायचं."

त्याने अख्खी बाटली वाटेत संपवली. उन्हात चालताना पाणी प्यायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा चोरी केल्यासारखं वाटलं.

तळघराच्या बोळात तीन दारं खरंच होती. तिसऱ्याला आता कुलूप होतं. दारांसमोर खुर्ची टाकून सफाईवाल्या मावशी बसल्या होत्या, शेजारी बादली, मांडीवर विणकाम, आणि गळ्यातल्या दोरीला किल्ली.

चष्मेवाला पुढे झाला आणि कुजबुजला, "मावशी, किल्ली देता का?"

"काय?" मावशी म्हणाल्या. "मोठ्यानं बोला बाई, या कानानं ऐकू येत नाही."

तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि पुन्हा कुजबुजला.

"हा तर त्याहून वाईट आहे," मावशी म्हणाल्या. "जरा तोंड उघडून बोला की."

हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. सगळी मदार कुजबुजीवर होती, आणि नेमक्या मावशीच बहिऱ्या निघाल्या. वरून दोन मुली हसत खिदळत उतरल्या आणि बायकांच्या दारात शिरल्या. चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत तो उभा होता, आणि ते पाहून बायकोचा धीर सुटला.

"ती बोलत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "मुकी आहे."

"अगं बाई!" मावशींनी विणकाम खाली ठेवलं. "जन्मापासून?"

"हो," बायको म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं.

मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. त्यांचा चेहरा मायेने भरून आला होता. "मग ते कुलूपवालं कशाला? ते लेकुरवाळ्यांचं, चाकाच्या खुर्चीवाल्यांचं. तुम्ही चला माझ्याबरोबर, मी नेते आत. घाबरायचं नाही हं." त्यांनी चष्मेवाल्याचा दंड धरला आणि त्याला बायकांच्या दाराकडे ओढायला सुरुवात केली. फरशी पुसून पुसून त्यांच्या हातात भलताच जोर आला होता. बायको मागून "अहो मावशी, अहो थांबा" करत होती आणि ते मावशींना ऐकू येत नव्हतं. आतून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता.

चष्मेवाल्याने पाय घट्ट रोवले.

"मावशी," तो त्याच्या दुकानातल्या आवाजात म्हणाला, "मी पुरुष आहे."

बोळ घुमला. हे मात्र मावशींना दोन्ही कानांनी लख्ख ऐकू आलं. त्यांनी दंड सोडला. त्याच्याकडे वरून खाली पाहिलं, मग खालून वर पाहिलं. बायको डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटत होती.

"म्हणजे मुकं नाही," मावशी म्हणाल्या. मग बायकोकडे वळल्या, "आणि तुम्ही खोटं बोलता."

"चुकलं," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशी पुन्हा त्याच्याकडे वळल्या. आता काय ऐकावं लागणार याची तो वाट बघत उभा होता. टोप ओढला जाणार असेल तर निदान स्वतःच काढावा, इतकं त्याच्या मनात येऊन गेलं.

"उभ्यानं करता की बसून?" मावशींनी विचारलं.

"काय?"

"आता तुम्ही बहिरे झालात का? उभ्यानं करता की बसून? हे तिसरं दार नवं झालं तेव्हा आधी उघडंच ठेवलं होतं मी. पुरुष येतात, उभ्यानं करतात, सीट वर करायचे कष्ट नकोत त्यांना. मग मागून एखादी बाळाला घेऊन येते, ओल्यावर बसते आणि बोलणी मी खाते. म्हणून घातलं कुलूप."

चष्मेवाल्याने आपल्या पायघोळ ड्रेसकडे पाहिलं. "मावशी, हे एवढं घालून उभ्यानं कसं जमणार?"

मावशींनी त्यावर खरोखर विचार केला. ड्रेसचा घेर पाहिला, लांबी पाहिली. मग गळ्यातली दोरी काढून त्याच्या हातात दिली. "नाही जमणार," त्या म्हणाल्या. "तरी पण निघताना पुसून यायचं."

आत एक कमोड, एक बेसिन, पिशवी अडकवायला खुंटी आणि पुरा माणूस दिसेल असा आरसा होता. त्याने कडी लावली. बाहेर कोणी दार ठोठावत नव्हतं. हात धुऊन झाल्यावर त्याने स्कार्फ सोडला आणि सावकाश, घडी बघून, पुन्हा बांधला. घराबाहेरच्या आरशात त्याने आपल्याला असं कधी निवांत पाहिलं नव्हतं. सीट त्याने दोनदा पुसली.

परत जाताना बायको म्हणाली, "मी एकदा मुकी म्हणाले आणि वर जन्मापासून म्हणाले. दोनदा झालं."

"माझ्यासाठी बोललीस."

"म्हणून काय ते खरं झालं?" त्या दिवशी संध्याकाळचा चहा तिने घेतला नाही. रात्री अंथरूण घालताना म्हणाली, "मी बरोबर आले की घाबरते, आणि घाबरले की खोटं बोलते. यापुढे तू एकटी जात जा. त्या मावशींना तू खरं सांगितलंस ना, मग झालं तर."

पुढचे काही बुधवार बरे गेले. तो जिना उतरला की मावशी हाक मारत, "आल्या का आमच्या मुक्या?" आणि दोरी काढून देत. कधी विणकामातला टाका दाखवत विचारत, "तुम्हाला येतं का हो असलं काही?" तो मान हलवून नाही म्हणे. "मग कसल्या बायका तुम्ही!" बाटली तो वाचनालयाच्या नळावर दुसऱ्यांदा भरून घ्यायला शिकला होता. तपासणीला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "छान. असंच चालू ठेवा."

आणि मग एका बुधवारी मावशी खुर्चीत नव्हत्या. खुर्चीवर चिठ्ठी होती, किल्ली वर पहारेकऱ्याकडे आहे.

पहारेकऱ्याचं टेबल वाचनकक्षाच्या दाराशीच होतं. चष्मेवाला तिथे जाऊन वाकून कुजबुजला, "तळघरातली किल्ली देता का?"

"कोणती?" पहारेकरी कुजबुजत नसे. वाचनालयात शांतता राखायचं काम त्याचं असल्यामुळे त्याला स्वतःला तो नियम लागू नव्हता.

"तिसऱ्या दाराची."

"मावशी कान दाखवायला गेल्यात. त्या आल्यावर या. बायकांचं उघडं आहे, तिकडे जा."

"मला तिसरंच हवंय," तो कुजबुजला.

"का? बायकांच्यात काय वाघ बसलाय का?" पहारेकरी आपल्याच विनोदावर हसला. "आणि आवाज बसलाय का बाई तुमचा? नीट बोला की."

जवळच्या टेबलावरच्या तीन-चार माना वर झाल्या. त्यातली एक चष्मेवाल्याच्या ओळखीची होती. कोपऱ्यातल्या दिव्याखाली निवृत्त मास्तर बसले होते, आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा त्याने स्वतःच्या हाताने बसवून दिलेला होता. मास्तर गावभर फिरत. मास्तरांना कळलं की सगळ्यांना कळलं.

वाट मोकळी होती. मागे फिरायचं, पावलं लहान टाकत घर गाठायचं, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा घड्याळ उघडून बसायचं. बाटली पिशवीत रिकामी होती, आणि कमरेत कुठेतरी, त्या पहिल्या कळेच्या जागी, जडपणा जमायला लागला होता. त्याला बायकोचं बोलणं आठवलं, खरं सांगितलंस ना, मग झालं तर.

तो सरळ उभा राहिला. सँडलसकट तो पहारेकऱ्याहून चांगला उंच होता.

"आवाज बसलेला नाही, हा माझाच आवाज आहे," तो म्हणाला. "मी पुरुष आहे, आणि असे कपडे घालतो. बायकांच्यात गेलो तर त्या घाबरतात. पुरुषांच्यात गेलो तर मी घाबरतो. त्या तिसऱ्या दारावर सर्वांसाठी अशी पाटी आहे, आणि सर्वांमध्ये मी आहे. किल्ली द्या."

उंच छताच्या त्या खोलीत त्याचा आवाज पुस्तकांच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आला.

"शूऽऽ!" कोणीतरी म्हणालं.

निवृत्त मास्तर होते. त्यांचे डोळे केव्हाच पुन्हा पुस्तकात गेले होते. "वाचनालय आहे हे," ते म्हणाले. "द्या त्यांना काय हवं ते, आणि गप्प बसा दोघं."

पहारेकऱ्याचे कान लाल झाले. त्याने खण उघडला आणि किल्ली टेबलावर सरकवली. चष्मेवाल्याने ती उचलली. जिना तो कठड्याला धरून उतरला.

बाहेर आला तेव्हा बोळात एक आजोबा उभे होते, आणि त्यांचा हात धरून एक आजी. आजींचा स्वेटर उलटा घातलेला होता.

"तुमचं झालं असेल तर किल्ली आम्हाला द्याल का?" आजोबा म्हणाले. "हिला आत गेल्यावर काय करायचं ते आठवत नाही हो. बायकांच्यात मला जाता येत नाही, पुरुषांच्यात हिला कसं नेऊ? मावशींना कधी विचारलं नाही, वाटलं आपलं कारण त्यात बसेल की नाही. तुम्ही वर मागितलीत ते ऐकलं."

"सगळ्यांनीच ऐकलं," चष्मेवाला म्हणाला आणि त्याने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आजींनी ती लगेच आजोबांच्या हातून घेतली.

"तुमचा स्कार्फ छान आहे हो," आजी त्याला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना त्याने आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. बायकोला त्याने सगळं सांगितलं होतं, ती पहाटे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली होती आणि उठून एवढंच म्हणाली होती, "दुकान वेळेवर उघडा." पहिलं गिऱ्हाईक आलं, काच बदलून गेलं. दुसरं आलं. दुपार कलल्यावर मास्तर आले.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाकावर टोचतोय."

चष्मेवाल्याने नाकाची पट्टी वाकवली, पुसून परत दिला. मास्तरांनी लावून पाहिला, काढला, पुन्हा दिला. "डावीकडे अजून." त्याने डावीकडे केलं. मास्तर दारापर्यंत गेले आणि वळले.

चष्मेवाल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"वाचनालयात हळू बोलावं माणसानं," मास्तर म्हणाले. "बाकी तुमचं तुम्ही जाणा." आणि छत्री टेकत निघून गेले.

त्यांनी कुठे काही सांगितलं की नाही, ते त्याला कधी कळलं नाही. त्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं यायची होती ती आली नाहीत. चष्मे लोक पुढे ढकलतातच, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि बायकोलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "असेल." खोटं बोलायचं नसलं की ती तेवढंच म्हणे.

पुढच्या बुधवारी तो जिना उतरला तर मावशी खुर्चीत होत्या. गळ्यात किल्ली नव्हती. उजव्या कानात बोंडाएवढं यंत्र होतं, आणि चेहरा तापलेला होता.

"या मुक्या, या! तुमचंच काम हे."

"काय झालं, मावशी?" त्याने विचारलं.

"ओरडू नका! ऐकू येतं आता मला." मावशींनी कान झाकला. "किल्ली त्या आजोबांना दिलीत ना? ती त्यांच्या बायकोने पिशवीत टाकली आणि घरी नेली. आता म्हणते, ही माझ्या माहेरच्या कपाटाची आहे, देणार नाही. रात्री उशाशी घेऊन झोपते म्हणे. आजोबा इथे येऊन हात जोडून गेले. आता म्हाताऱ्या माणसाच्या उशाखालून किल्ली कोण ओढणार?"

"मग कुलूप?"

"पहारेकऱ्याने हातोड्याने फोडलं. त्याचा हात बरा चालतो फोडायला."

चष्मेवाल्याने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या कडीच्या जागी ताजा ओरखडा होता. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं.

"नवं कुलूप कधी येणार?" त्याने कुजबुजत विचारलं, आणि उत्तराची वाट बघताना पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

मावशींनी विणकाम उचललं, दोन टाके घातले, मग म्हणाल्या, "मागितलंच नाही मी. किल्ली द्यायला सारखं उठायचं, गुडघे कुठे आहेत माझे? आणि त्या आजोबांसारखे किती जण माझं तोंड बघून परत गेले असतील, कोणाला माहीत. विचारायचं म्हणजे सोपं नसतं माणसाला." त्यांनी सुई त्याच्याकडे रोखली. "पण हे उघडं ठेवल्यापासून सीट दिवसातून चार वेळा पुसते आहे मी. तुमच्यामुळे. आणि एक सांगायचंय. तुमच्या त्या टोपाचे केस बेसिनमध्ये पडतात. मागे दोनदा काढले मी. तुंबतं त्यानं. विंचरायचा तर घरी विंचरून यायचा."

"हो मावशी."

"जा आता. आत कोणी नाही."

त्या संध्याकाळी तो रमतगमत घरी आला. बायकोने जिन्यातल्या सँडलचा आवाज ऐकला आणि सवयीने कणकेचे हात तसेच घेऊन न्हाणीघराकडे धावली. कोपराने दार ढकलून, ते पाठीने धरून उभी राहिली. "पळ गं!"

बाहेरून कोणी धावत आलं नाही. तिने डोकावून पाहिलं. उंबऱ्याशी स्टुलावर बसून तो सँडलचं बक्कल सोडत होता. एक काढला, जागेवर ठेवला. मग दुसरा.

"बाटली?" तिने विचारलं.

त्याने पिशवीतून काढून तिच्याकडे उलटी करून दाखवली. एक थेंबही पडला नाही.

"दोनदा भरली होती," तो म्हणाला.